खिडकीचं झाकण पाडू नका ना राजेहो

विमानात खिडकीची सीट घ्यायची आणि बसल्या बसल्या झाकण खाली पाडून घोरायला लागायचं, अशा माणसासाठी काहीतरी कायदा पाहिजे असं माझं स्पष्ट मत झालं आहे. हसा तुम्ही. पण लग्नाच्या पंगतीत पान वाढून घेऊन त्यावर डोकं टेकवून झोपण्यासारखं आहे हे.

माझा अधिकार काय म्हणाल तर आजवर चारदा बसलो, म्हणजे जाऊन-येऊन दोन वेळा. कारंजा तालुक्यातला साधा शेतकरी, पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन आणि धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, तुरीचे तास. आमच्याकडची प्रवासाची मजा म्हणजे शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, छोटी लाईन, चालत्या गाडीतून पोट्टे उतरायचे आणि पळत जाऊन पुढच्या डब्यात चढायचे. आता तीही बंद.

पण विमानं मात्र लहानपणापासून बघतो, खालून. ज्यांनी कधी जागल केली नाही त्यांना सांगतो, रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात घुसू नयेत म्हणून रात्रभर वावरात खाट टाकून पडायचं, मधेमधे उठून बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, बाकी वेळ आभाळ. आणि आमच्या आभाळात विमानं लय, कारण नागपूर पडलं देशाच्या मधात, दिल्लीहून हैदराबाद-बंगलोर-चेन्नईकडे जाणारी आणि मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी बरीचशी विदर्भावरूनच जातात. लाल-पांढरा दिवा टिमटिम करत जातो आणि आवाज मागून येतो, दिवा बाभळीवर असला तर आवाज अजून विहिरीवर. दिवसा पांढरी रेघ ओढत गेलं की आम्ही पोट्टे "राकेट राकेट" ओरडायचो. ते राकेट नाही, इंजिनातून निघालेली वाफ वरच्या थंडीत गोठून तिचे बारीक बर्फकण होतात, त्याची रेघ असते, हे लय उशिरा कळलं. मनात एकच यायचं, आपण इथून बॅटरी मारली तर वरच्याला दिसत असेल का.

तर यंदा सप्टेंबरात मायला घेऊन पुण्याला निघालो. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे, त्यानंच तिकीट काढलं, कारण मायचे गुडघे गेले, ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये वर चढणं होत नाही आणि रात्रभर पाय आखडून बसणंही होत नाही. पहाटे गाडी करून नागपूर. सोनेगावच्या विमानतळावर मायच्या चंचीतला अडकित्ता निघाला आणि तो काही आत नेऊ देईनात. तो तिच्या सासूचा. शेवटी मी धावत जाऊन गाडीवाल्याजवळ देऊन आलो, तेव्हा कुठं माय पुढं सरकली. बाकी तिथलं सांगण्यासारखं काही नाही, चहा महाग.

भावानं उजवीकडची खिडकी घ्यायला सांगितली होती, का ते पुढं येईल. मायला खिडकीशी बसवलं, मी मधात. उडायच्या आधी झाकणं उघडायला लावतात ते नजाऱ्यासाठी नाही बरं, बाहेर आग-धूर काही झालं तर आतून दिसावं म्हणून, पण आपल्याला काय, दिसतं ते दिसतं. पाठ सीटला चिकटली, मायनं माझं मनगट धरलं, आणि एकदम खालचा खडखडाट थांबला. तेवढा एक क्षण. गाडी डांबरावरून उचलली जाते आणि आवाज बदलतो, तो मला अजून कानात आहे. माय म्हणे, "सुटलं का रे?" म्हटलं हो, सुटलं.

मग नागपूर खाली तिरपं झालं, एक मोठा तलाव चकाकला, अंबाझरी असावा, आणि पाचच मिनिटात नुसती वावरं. मला वाटलं होतं ढग बघायला मजा येईल, पण खरं सांगू, जमीन बघण्यात जी मजा आहे ती ढगात नाही. आपण आयुष्यभर जमीन आडवी बघतो. समोर पीक, त्यामागं धुरा, धुऱ्यामागं दुसऱ्याचं पीक, सगळं एकामागं एक लपलेलं. वरून ते सगळं एकदम उघडं. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, पऱ्हाटी हिरवीगार, मधात तुरीच्या गडद रेघा, आणि नाला कसा वळत वळत कोणाचं वावर खात खात गेला ते स्पष्ट. पाणी साचून पीक जळालेले डागसुद्धा दिसत होते, चिबडलेल्या जागेचा रंग वरून लपत नाही. ज्या धुऱ्यावरून आमच्याकडे भावाभावांच्या कोर्टकचेऱ्या चालल्या तो वरून दिसतो केवढा, तर लुगड्याच्या काठातला एक दोरा, तोही नीट पाहिला तर.

वर्धा नदी ओलांडली, गढूळ, पसरलेली. मग समृद्धी महामार्गाची रेघ सापडली. एवढी सरळ गोष्ट आमच्या भागात दुसरी नाही, बाकी सगळं वाकडं, पांदण वाकडी, नाला वाकडा, माणसंही. समृद्धी कारंज्यापासूनच जाते म्हणून मी तिच्यावर नजर ठेवून गाव शोधत होतो. अडाण धरणाचं पाणी दिसलं की तिथून मोजत यायचं असा हिशोब. तेवढ्यात माय म्हणे, "ते पाय, आपलं वावर." म्हटलं माय, ते आपलं कसं असेल, अजून कारंजा यायचंय. "मले नोको शिकवू. ते विहीर, ते लिंबाचं झाड." एवढ्या उंचीवरून लिंबाचं झाड. मी गप बसलो. त्यानंतर तिनं अजून दोन वावरं आपली केली आणि माझं सात एकराचं हिशोबानं पन्नासेक एकर झालं असेल. अडाणचं पाणी आलं तेव्हा नेमका ढग आडवा आला, आपलं खरं गाव काही दिसलं नाही.

ढगाला सगळे कापूस म्हणतात. माय चाळीस वर्षं कापूस वेचून राहिलेली बाई, तिला असं सरसकट चालत नाही. खालच्या मळकट ढगातून गेलो तेव्हा म्हणे, "हे तं फरदड हाय, गयालेला कापूस." वर आल्यावर ऊन पडलेले पांढरेफेक ढग लागले, तेव्हा जरा वेळ बघून म्हणाली, "हा पहिल्या येच्याचा." म्हणजे पहिल्या वेचणीचा. भाव काय मिळेल विचारलं तर हसली फक्त.

आणि आता उजव्या खिडकीचं कारण. सकाळी दहाच्या सुमारास सूर्य विमानाच्या डाव्या अंगाला, त्यामुळे विमानाची सावली उजवीकडच्या ढगांवर पडते. छोटीशी सावली ढगांवरून पळत होती आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य, अर्धं नाही, पूर्ण गोल, बांगडीसारखं. मी अक्षरशः मायच्या अंगावर ओणवा झालो. याला इंद्रवज्र म्हणतात. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्यात दिसतं, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात तिथं पाहिल्याची नोंद आहे. ढगातले पाण्याचे बारीक थेंब उजेड मागच्या मागं फेकतात त्यातून ते होतं. पण मला भारी वाटलेली गोष्ट वेगळीच. ते कडं बघणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीभोवती असतं. म्हणजे सावली मोठी दिसत असेल तेव्हा नीट बघा, कड्याचा मध्य विमानाच्या नाकावर नसतो, तुम्ही जिथं बसलात तिथं असतो. पुढच्या रांगेतल्या माणसाचं कडं त्याच्या जागी, शेपटाकडच्याचं शेपटाकडं. मायला सांगितलं तर म्हणे, "मंग हे माहं हाय का?" हो, तुझंच. "आन् तुहं?" माझं माझं. तिनं त्याला हात जोडले. मी नाही जोडले पण जोडायला हरकत नव्हती.

पुढं ढग फाटले आणि लोणार दिसलं. शाळेच्या सहलीत वरच्या काठापासून खालच्या देवळांपर्यंत उतरलो होतो, चढताना दम निघाला होता, तेव्हा ते नुसतं जंगल आणि वास येणारं पाणी वाटलं होतं. वरून कळतं की हे काय आहे. जवळजवळ 1.8 किलोमीटरचं गोल, बसाल्टच्या काळ्या खडकात कोणी अंगठा दाबून काढल्यासारखं, आजूबाजूच्या वाकड्यातिकड्या वावरांत एकच नीट गोल. आभाळातून दगड आदळला होता ही गोष्ट खालून ऐकायची असते, वरून ती दिसते. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, तेव्हा वरून कोणी गेलं असेल तर त्याचा मला मनापासून हेवा आहे. आणि तो माणूस झाकण पाडून झोपला असेल तर... जाऊ द्या.

खिडकीवरून आठवलं. तिच्यात खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. मायला तेच आधी दिसलं, "फुटकी हाय रे." घाबरू नका, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. खिडकीला एकाआड एक थर असतात, छिद्रामुळे आतल्या हवेचा दाब बाहेरच्या जाड थरावर जातो, आणि काचेवर धुकंही धरत नाही. पायलटनं 36,000 फूट सांगितलं होतं, तिथं बाहेर उणे चाळीसच्या आसपास असतं तापमान. आणि खिडकीचे कोपरे गोल असतात त्यालाही कारण आहे. 1954 साली कॉमेट नावाची दोन जेट विमानं हवेत फुटली, तपासात निघालं की चौकोनी कापाच्या कोपऱ्याशी ताण गोळा होऊन पत्रा चिरत होता. हे मी गावच्या मिस्त्रीला सांगितलं तर तो बिलकुल चकित झाला नाही. "भाऊ, भिंतीले तडा खिडकीच्या कोपऱ्यातूनच जाते, हे कोणी बी सांगते."

येताना एकटाच होतो, माय तिकडेच राहिली दिवाळीपर्यंत. संध्याकाळचं विमान. खिडकीशी एक साहेब, बसताक्षणी झाकण खाली, मोबाईलवर रील सुरू. उडताना उघडायला लावलं तर उघडलं, उडाल्यावर पुन्हा खाली. पंधरा मिनिटं मी त्या प्लास्टिककडे बघत बसलो. शेवटी म्हटलं, साहेब, तुम्हाला बघायचं नसेल तर जागा बदलता का. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पहिल्यांदाच बसलो असेन, पण उठला बिचारा, खोटं कशाला बोलू.

पूर्वेकडे जाणारं विमान, त्यामुळे रात्र समोरून अंगावर येते. मान वाकडी करून पुढं पाहिलं तर क्षितिजावर निळा-काळा पट्टा आणि त्यावर फिक्कट गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःचीच सावली असते, हवेवर पडलेली. बघता बघता वर चढला आणि झालं, अंधार. जमिनीवर आपण म्हणतो दिवस बुडाला, इथं आपणच जाऊन रात्रीत घुसतो.

मग दिवे. एक मोठा पुंजका, यवतमाळ असावं. वर्ध्यापर्यंत बरंच खाली आलो, आतले दिवे कमी केले, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून करतात ते, आणि त्यामुळे खालचं अजून साफ दिसायला लागलं. गावांचे छोटे छोटे ढीग, मधात रस्त्यावरून सरकणारा एखादा हेडलाईट, बाकी पूर्ण काळं. आणि त्या काळ्यात, गावापासून दूर, एकच दिवा. हलत होता की मला वाटलं हलतोय, माहीत नाही. पण तिथं दिवा लावून बसणारा माणूस एकच कामासाठी बसतो. मी नागपूर येईपर्यंत असे सात मोजले.

बाकी ज्यांना जमेल त्यांनी अमरावतीहूनही जाऊन बघा, बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं, एटीआर, पंख्याचं. लोक नाक मुरडतात, पण त्याचा पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळे खालचं काही झाकलं जात नाही. मी अजून बसलो नाही, पण कापूस विकला की बसणार, मायला वचन दिलंय. अडकित्ता घरी ठेवायच्या अटीवर.

सध्या तुरीची जागल सुरू आहे. परवा पोरगी डबा घेऊन आली होती, वरून एक विमान चाललं होतं, तर मी बॅटरी तिकडे करून तीनदा उघडझाप केली. पोरगी म्हणे बाबा, रोही तिकडं हाय का? म्हटलं नाही, सेल चेक करून रायलो.