कॅपाडोशियाला जाताय? किल्ली विसरू नका

टूरचे पैसे भरलेत ना? मग तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियामधलं गोरेमे तुमचंच. दहाव्या-अकराव्या शतकात डोंगर पोखरून केलेली चर्चं, गुहेतली घरं, सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे म्हणे. असेना! राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा तर तुर्कस्तान सरकारनेच २०१९ मध्ये काढला. त्याजागी वेगळा कायदा आलाय, पण आपण काय कायदे वाचायला गेलोय?

पोचल्या पोचल्या नाव कोरा. छिन्नी लागत नाही, फ्लॅटची किल्ली पुरते. तिथला दगड म्हणजे ज्वालामुखीची राख दबून झालेला टफ. ताजा कापला की मऊ, म्हणून तर हातांच्या अवजारांनी चर्चं खोदता आली. हवा लागली की वरची साल टणक होते आणि आतला मऊ दगड सांभाळते. तुमची किल्ली नेमकी तीच साल फोडते. मग चरात पाणी मुरतं, थंडीत त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं आणि अख्खा पापुद्रा सुटतो. तुमच्या नावासकट! म्हणजे धड अमरही होत नाही. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात नाव खरडलं, त्याला आपण अजून नावं ठेवतो. तुम्हाला तेवढंही मिळायचं नाही.

सुळक्यांच्या मानेवर चढा. डोक्यावरचा कठीण दगड खालच्या मऊ खांबाची छत्री असतो, पण तुम्हाला काय, पावसाळा थोडाच आहे.

एटीव्ही, म्हणजे ती जाड चाकांची उघडी गाडी, घ्याच, आणि वाट सोडून चालवा. चाकोरीतून पुढच्या पावसाचं पाणी धावेल आणि दरीला नवी घळ पडेल. धूळ भित्तिचित्रांवर बसेल, ती कोणीतरी पुसेलच.

वाऱ्यामुळे बलून रद्द झाला तर गाईडला झापा. वारा त्याच्याच घरचा.

आणि कारानलिक किलिसे, म्हणजे अंधारं चर्च. वेगळं तिकीट आहे, तेव्हा वसूल करा. आत उजेड येतो तो एका लहानशा खिडकीतून, म्हणूनच रंग इतके टवटवीत राहिलेत. फ्लॅश मारायला याहून योग्य जागा कुठली? फोटोबंदीची पाटी मराठीत नाही, म्हणजे ती आपल्याला नाही. दारात घोळका करून रील काढा, मग मोबाईलची बॅटरी लावून एकेका संताच्या तोंडावर उजेड पाडा, बोटाने रंग निघतो का तेही बघा. खालच्या चेहऱ्यांचे डोळे पूर्वीच कोणीतरी खरवडलेत, उरलेले तुम्ही...

नाही, पुरे. परवा हे सगळं एकाच ग्रुपने केलं, आणि आपसात बोलत होते मराठीत. कबुतरांची विष्ठा वर्षानुवर्षं खरवडून ती चित्रं बाहेर काढलीत हो! लाज वाटत नाही? रखवालदार दोनदा "नो फोटो" म्हणाला, तेव्हा हसलात. भिंतीवरचा हात काढा. बॅटरी बंद करा आणि बाहेर व्हा, मागे रांग आहे.