दहापट क्षमता बगॅसच्या कार्बनची नव्हे

‘बगॅसपासून (रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्यापासून) केलेला कार्बन लिथियम-आयन बॅटरीतील ग्रॅफाइटची जागा घेईल, तो सच्छिद्र असल्याने दहापट वीज साठवेल आणि आज वाया जाणाऱ्या बगॅसमुळे उसाला वाढीव दर मिळेल,’ असा मजकूर सांगली जिल्ह्यातील ऊस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. बिलाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला आशा दाखवताना निदान आकडे तरी खरे असावेत.

बगॅस हवेविना तापवला की कार्बन उरतो. त्याचे ग्रॅफाइट होत नाही. काही कार्बन ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तरी त्यांचे थर एकावर एक नीट रचले जात नाहीत, हे शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्येच दाखवले होते. बगॅसचा कार्बन याच जातीचा, म्हणजे हार्ड कार्बन आहे.

दहापटीचा आकडा तर सिलिकॉनचा आहे. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास (साठवलेल्या विजेचे माप), तर सिलिकॉनची सुमारे ३६००. मात्र लिथियम घेताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते. शिवाय ॲनोड, म्हणजे चार्जिंगमध्ये लिथियम साठवणारा ग्रॅफाइटचा किंवा सिलिकॉनचा भाग, दहापट क्षमतेचा झाला म्हणून बॅटरी दहापट होत नाही. कॅथोडची, म्हणजे लिथियम पुरवणाऱ्या दुसऱ्या टोकाची, क्षमता ग्रॅममागे २०० धरली, तर एका अँपिअर-तासासाठी ५ ग्रॅम कॅथोड आणि २.७ ग्रॅम ग्रॅफाइट लागते. ॲनोड दहापट क्षमतेचा घेतला तरी कॅथोड तेवढाच राहतो आणि ७.७ ग्रॅमचे वजन जेमतेम ५.३ ग्रॅमवर येते. तांब्याचा पत्रा, इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमध्ये लिथियम वाहून नेणारा द्रव) आणि आवरण यात धरलेलेच नाही.

सच्छिद्रपणा गुण म्हणून सांगितला आहे, तिथे मजकूर सर्वांत फसवा आहे. पहिल्या चार्जिंगमध्ये इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन ॲनोडवर पातळ थर बसतो. तो पुढे संरक्षण करतो, पण त्यात अडकलेले लिथियम कॅथोडकडे परतत नाही. इलेक्ट्रोलाइटला भिडणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितके हे नुकसान अधिक. म्हणूनच ॲनोड सुधारताना ग्रॅफाइटचे कण गोलसर करून, त्यांवर कार्बनचा लेप देऊन पृष्ठभाग कमी केला जातो.

बगॅस वाया जातो, हेही खरे नाही. कारखान्याचा बॉयलर त्यावरच चालतो आणि सहवीजनिर्मितीही त्यातूनच होते.

हार्ड कार्बनला खरी संधी सोडियम-आयन बॅटरीत आहे, कारण ग्रॅफाइटच्या थरांत सोडियम नीट शिरत नाही, हार्ड कार्बनच्या रुंद फटींत आणि पोकळ्यांत मात्र ते मावते. तेथेही बगॅसमधील सिलिका आणि पोटॅश धुऊन काढावे लागतात. त्या धुलाईचा व भट्टीचा खर्च वजा जाता, इंधन म्हणून मिळते त्याहून अधिक किंमत बगॅसला देता येते का, याचा हिशेब या मजकुरात कुठेही नाही.