डिकीतले गहू

वळणावर गाडी फार कलते, ही तक्रार मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी करू लागलो, आणि तीही गंगापूर रोड ते सातपूर अशा प्रवासात, ज्यात वळणांपेक्षा सिग्नल जास्त आहेत. गाडीचे कलणे मला जाणवत होते की शेजारच्या तरुणाची जमिनीला टेकलेली गाडी पाहून डोळ्यांत सलत होते, याचा तपास मी आजवर केलेला नाही.

या कलण्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे ताठ स्प्रिंगचे कॉइलओव्हर: यात शॉकअब्सॉर्बरच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्या आट्यांवर एक चकती आणि चकतीवर स्प्रिंग बसते. चकती फिरवली की गाडी वर किंवा खाली होते. नामवंत संचाची किंमत ऐकून मी गप्प बसलो होतो, तेवढ्यात 42 हजारांत चारही चाकांचा संच मिळत असल्याचे कळले. तो खोक्यातून निघाला तेव्हा वरमाईच्या शालूला शोभावा असा जांभळा होता. हा जांभळा रंग पुढे आयुष्यभर चिखल सोडून कोणालाही दिसणार नाही, हे त्या क्षणी सुचले नाही. शिवाय माझ्या गाडीला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअब्सॉर्बर वेगळा असतो, त्यामुळे खोक्यावरचे नाव तसे पाहिले तर निम्म्या गाडीलाच लागू होते.

अंबड लिंक रोडवरच्या मिस्त्रींनी संच बसवला, बॉनेटवर दोन्ही हात टेकवून गाडी दाबून पाहिली, ती हलली नाही, आणि त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, गाडी रोजच्या वापरातली आहे ना?" मी होकार दिला. "मग जुने शॉकअप फेकू नका." त्या वेळी मला हा काटकसरीचा सल्ला वाटला.

मूळची स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला साधारण 2 किलो भार घेत असे. नवी पुढची 6 किलो घेते. रस्त्यात उंचवटा आला की पूर्वी स्प्रिंग दबायची, आता स्प्रिंग आपल्या जागी राहते आणि आम्ही दबतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या शिफारशीनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे वाडग्याच्या पाठीसारखा सौम्य असावा. आमच्या कॉलनीतला गतिरोधक रहिवाशांनी वर्गणी काढून, उरलेल्या काँक्रीटमधून, एका रात्रीत उभारलेला आहे आणि त्याचा आकार वाड्याच्या उंबरठ्यासारखा आहे. गाडी 40 मिलिमीटर खाली घेतल्यावर तो उंबरठा ओलांडायचा म्हणजे तिरके जायचे, एकेक चाक चढवायचे आणि मागच्या रिक्षावाल्याकडे आरशात पाहायचे नाही.

प्रत्येक शॉकअब्सॉर्बरच्या टोकाला एक मूठ आहे, तिला चोवीस खटके आणि दोन टोकांना दोन इंग्रजी अक्षरे: एच आणि एस. आईने विचारले, "एच म्हणजे हळू आणि एस म्हणजे सावकाश का रे?" मी तिला हार्ड आणि सॉफ्ट समजावून सांगितले खरे, पण व्यवहारात तिचाच अर्थ बरोबर ठरला. खटक्यांनी आतल्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते, स्प्रिंगचा ताठपणा तसूभरही हलत नाही. हे कळायला मला मूठ फिरवण्यात तीन रविवार घालवावे लागले. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून दर वेळी अलाइनमेंट करावी लागते. ती एकदा चुकवली, तर पुढचे टायर आतल्या कडेने असे झिजले की टायरवाल्याने ते उलटे करून चार गिऱ्हाइकांना दाखवले.

खरी फजिती दिंडोरीहून परतताना झाली. मामांच्या बागेतली द्राक्षांची पेटी डिकीत होती आणि मामा मागच्या सीटवर, एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने टोपी धरून. घरी पेटी उघडली तेव्हा काड्या एका बाजूला आणि मणी दुसऱ्या बाजूला होते. मामांनी मूठभर मणी तळहातावर घेतले, बोटांनी चिवडले आणि म्हणाले, "भाचेराव, चाळीस वर्षं बाग करतोय, पण डिकीतली मणीगळ पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी पिकअपवाल्यांकडे चालणारा उपाय सांगितला: रिकामी गाडी उडते, भरलेली बसते, मागे वजन टाक.

त्यात शास्त्र आहे. ताठ स्प्रिंगवर भार हलका असेल तर गाडी भराभर थरथरते, भार वाढला की तीच हालचाल संथ होते. घरात वर्षाचा गहू भरलेला होताच, त्यातले 50 किलोचे दोन कट्टे डिकीत ठेवले आणि फरक खरोखरच पडला. मात्र मागची बाजू बसली, म्हणून चकती वर घ्यावी लागली, आणि पावसाळ्याच्या चिखलाने आटे असे धरले होते की मिस्त्रींनी तेल सोडून, हातोडीने ठोकून एक दुपार घालवली. मग पुढच्या चकत्याही वर घेतल्या. शेवटी मोजले तेव्हा गाडी कंपनीने दिलेल्या उंचीच्या 5 मिलिमीटर खाली होती. त्या 5 मिलिमीटरचे 42 हजार, असा हिशोब पत्नीने घातला. अलाइनमेंटचे पैसे तिला ठाऊक नाहीत.

आता आई दळण त्याच कट्ट्यांतून काढते, कारण गाडीत गहू असताना कोठीतले का काढायचे, असा तिचा बिनतोड प्रश्न आहे. त्यामुळे नवे कट्टे भरले की गाडी राजासारखी चालते आणि पुढे पोळ्यांच्या प्रमाणात बिघडत जाते. पाहुणे आले तर लवकर बिघडते. परवा कॉलनीतल्या गतिरोधकावरून मागची चाके धाडकन उतरली, तेव्हा पत्नी मुळीच न रागावता, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "गहू संपत आलेत. उद्या कोठीतून एक कट्टा काढ."