सपाटी वेगळी, उतार वेगळा

नमस्कार. प्रतिक्रिया मनापासून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की मँगनीजचे नोड्यूल, म्हणजे धातूयुक्त खनिजाचे गोळे, समुद्रतळावर सुटेच पडलेले असतात, ते उचलल्याने ना दरड कोसळते ना त्सुनामी येते. मग समुद्रतळाच्या खनिजांवरच्या माझ्या लेखात हे विषय काढून लोकांना उगाच का घाबरवायचं?

नोड्यूलपुरतं तुमचं बरोबर आहे, आणि लेखात त्याच्या उलट काही नाही. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात ते चार-पाच किलोमीटर खोल सागरी मैदानावर पसरले आहेत. सपाटीवरचा गाळ घसरून जाणार कुठे? तिथली काळजी तिथल्या जीवसृष्टीची आहे. पेरूजवळच्या खोल समुद्रात १९८९ मध्ये मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता, ते चरे २०१५ मध्येही तसेच दिसले.

पण समुद्रतळाची संपत्ती म्हणजे फक्त नोड्यूल नव्हेत. गॅस हायड्रेटचे मोठे साठे खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्याजवळचा उथळ तळ जिथून खोल समुद्राकडे उतरत जातो तिथे, आहेत. थंडी आणि दाब यांच्या जोरावर बर्फासारख्या जाळ्यात मिथेन कोंडलेला असतो. तो मिळवायचा तर ते जाळं मोडावंच लागतं. सुटलेल्या वायूला आणि पाण्याला वाट मिळाली नाही तर गाळातला दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. जपानने २०१३ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळच्या नानकाई या सागरी भागात हायड्रेटमधून वायू काढण्याची चाचणी घेतली, तेव्हा विहिरीत वाळू शिरली आणि सहा दिवसांत काम थांबवावं लागलं.

उतार सुटला की काय होतं, हे १८ नोव्हेंबर १९२९ ला दिसलं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला समुद्रात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भूकंपाच्या केंद्राजवळ समुद्रतळावर टाकलेल्या तारायंत्राच्या केबल त्याच क्षणी तुटल्या, हे समजण्यासारखं होतं. पण त्यानंतर आणखी खोलवरच्या केबल एकामागून एक, उताराच्या क्रमाने तुटत गेल्या. शेवटची तर तब्बल तेरा तासांनी. या वेळा तार कंपन्यांकडे नोंदलेल्या होत्या. त्यांवरून हीझन आणि यूइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं, की कोसळलेला गाळ पाण्यात मिसळून लोंढ्यासारखा खाली धावत गेला होता. किनाऱ्यावर मात्र त्या कोसळण्याने उठलेली त्सुनामीची लाट आधीच पोचली होती, आणि २८ माणसं गेली. मला ती केबलच्या वेळांची यादी कुठल्याही तर्कापेक्षा बोलकी वाटते.

हा भूकंप कुणी खणल्यामुळे झाला नव्हता, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरंच आहे. म्हणूनच नॉर्वेचं उदाहरण जास्त महत्त्वाचं. ओर्मेन लांगे हे तिथल्या समुद्रातलं वायुक्षेत्र सापडलं तेच स्टोरेगा या समुद्राखालच्या जुन्या दरडीच्या खाचेत. ही दरड सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी कोसळली आणि तिच्या लाटेने नेलेली वाळू स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आजही सापडते. नॉर्वेने तिथे आधी वर्षानुवर्षं उतार तपासला. हिमयुगात साचलेला कच्चा गाळ बराचसा त्या दरडीबरोबरच वाहून गेला आहे, विहिरींमुळे तशी दरड पुन्हा सुटणार नाही, असा निष्कर्ष निघाला आणि मग २००७ मध्ये वायू निघू लागला.

मी खाणकाम बंद करा असं म्हटलेलं नाही. उतारावर हात घालणाऱ्याने ओर्मेन लांगेसारखी तपासणी आधी करावी, तिचे निष्कर्ष किनाऱ्यावरच्या लोकांसमोर ठेवावेत आणि मगच परवाना मागावा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याला भीती घालणं म्हणायला मी तयार नाही.