बॅटलफिल्ड म्हणजे कॉल ऑफ ड्यूटीची कॉपी? आधी तारखा तरी बघा

गेले काही दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. मला चार जणांनी पाठवली, त्यातला एक माझा मावसभाऊ, ज्याने आयुष्यात कँडी क्रशच्या पुढे काही खेळलेलं नाही. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं की कॉल ऑफ ड्यूटी हा युद्धाचा शूटिंग गेम हिट झाला म्हणून ईए या गेम कंपनीने घाईघाईत आपला तसलाच बॅटलफिल्ड काढला, आजच्या काळातली लढाई आणि रँक-अनलॉक (खेळून रँक वाढली की नवी बंदूक) हे सगळं तिथूनच उचललं, स्वतःचं काय तर फक्त मोठे मॅप आणि जास्त माणसं, आणि जुने बॅटलफिल्ड पहिल्या दिवसापासून मक्खन चालायचे, वाट लावली ती बॅटलफिल्ड 2042 ने. चार मुद्दे. त्यातला एकच अर्धा खरा आहे आणि तो अर्धा मला जरा टोचतो, पण त्यावरही बोलणार आहे.

तर आधी कॅलेंडर काढू. बॅटलफिल्ड 1942 आला सप्टेंबर 2002 मध्ये. पहिला कॉल ऑफ ड्यूटी ऑक्टोबर 2003 मध्ये. तेरा महिन्यांनी! कॉपी मारायला शेजारच्याने आधी पेपर लिहिलेला तरी पाहिजे ना भावा.

आणि मूळ तर त्याच्याही मागे जातं. स्वीडनमध्ये रिफ्रॅक्शन गेम्स नावाची छोटी कंपनी होती, तिने 1999 मध्ये कोडनेम ईगल काढला, पहिल्या महायुद्धाच्या काळातला पण इतिहास उलटापालटा केलेला. एकट्याने खेळायला यथातथाच, पण मल्टिप्लेयरमध्ये धावत जाऊन विमानात बसायचं, उडवायचं, मधेच उडी मारायची असला धुमाकूळ चालायचा. 2000 मध्ये डाइसने ही कंपनी विकत घेतली. डाइस म्हणजे बॅटलफिल्ड बनवणारा स्टुडिओ, तेच ज्यांनी अमिगा नावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर पिनबॉल ड्रीम्स काढला होता, हो पिनबॉल! ईगलमधला धुमाकूळ मोठा करून त्यावर दुसऱ्या महायुद्धाचा रंग चढवला की झाला 1942.

बरं, कॉल ऑफ ड्यूटी कुठून आला? 2015 नावाच्या स्टुडिओने ईएसाठी मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट केला, जानेवारी 2002 ला आला, चालला, आणि त्यातले बावीस जण बाहेर पडले आणि त्यांनी इन्फिनिटी वॉर्ड काढली, जिने पहिला कॉल ऑफ ड्यूटी बनवला. म्हणजे नाळच बघायची असेल तर कॉल ऑफ ड्यूटीची नाळ ईएच्याच गेमला जोडलेली निघते. पोस्टवाल्याने हे वाचलं असतं तर त्याने बहुतेक पोस्टच उलटी लिहिली असती.

आता गंमत ऐका. 2003 च्या कॉल ऑफ ड्यूटीच्या मल्टिप्लेयरमध्ये रणगाडा चालवायला नव्हताच. पुढच्या वर्षी युनायटेड ऑफेन्सिव्ह हे एक्स्पान्शन, म्हणजे त्याच गेमला जोडायचा जादा भाग, आलं आणि त्यात टँक आले, जीप आल्या, मॅप मोठे झाले, झेंडे पकडायचा, म्हणजे मॅपवरच्या ठरलेल्या जागा ताब्यात घ्यायचा डॉमिनेशन मोड आला. 2006 च्या कॉल ऑफ ड्यूटी 3 मध्ये गाड्या आणि मेडिकसारखे क्लास, म्हणजे प्रत्येकाची ठरलेली भूमिका. आणि 2019 च्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअरमधला ग्राउंड वॉर मोड तर काय बोलायचं, 64 जण, टँक, झेंडे, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मित्राला विचारलं की तू बॅटलफिल्ड कधी घेतलास. यात चोरीबिरी काही नाही हं, चांगली गोष्ट सगळेच घेतात. पण मग घेण्यादेण्याचा हिशोब एकाच बाजूने मांडू नका.

दुसरा मुद्दा, मॉडर्न वॉर आणि रँक. पोस्ट म्हणते 2007 च्या कॉल ऑफ ड्यूटी 4 ने हे सुरू केलं. जून 2005 ला बॅटलफिल्ड 2 आला होता साहेब. अमेरिका, चीन आणि एमईसी नावाची काल्पनिक आघाडी, हेलिकॉप्टर, जेट, सहा जणांचं स्क्वॉड, आत बोलायची सोय, आणि वर एक कमांडर जो नकाशा बघून तोफखाना टाकतो आणि यूएव्ही, म्हणजे शत्रू दाखवणारं टेहळणी विमान, सोडतो. रँक वाढली की बंदूक अनलॉक, मेडल, सगळी आकडेवारी सर्व्हरवर जमा. हे दोन वर्षं आधी. आणि त्याच्याही आधी 1942 वर डेझर्ट कॉम्बॅट नावाचा मॉड (मूळ गेम बदलून बाहेरच्यांनी केलेली आवृत्ती) होता, आखाती युद्धाचा, मूळ गेम सोडून लोक तोच खेळायचे. तो बनवणाऱ्या ट्रॉमा स्टुडिओजला डाइसने 2004 मध्ये विकत घेतलं आणि 2005 मध्ये बॅटलफिल्ड 2 झाल्यावर बंदही करून टाकलं, हे मात्र मला आजही पटत नाही.

पण न्यायाने बोलायचं तर पर्क (आपण निवडायची खास ताकद), स्वतःचा क्लास बांधणं, ओळीने तीन मारले की यूएव्ही ही कॉल ऑफ ड्यूटी 4 ची कमाई आहे आणि ती भन्नाट होती. बॅटलफिल्ड 2 चे अनलॉक त्यापुढे सरकारी बढतीसारखे वाटायचे.

आणि इथेच तो अर्धा खरा भाग. 2011 चा बॅटलफिल्ड 3. त्याची कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची गोष्ट, बघा, एका सैनिकाला खोलीत बसवून चौकशी चाललीय आणि तो मागचं आठवत एकेक मिशन सांगतोय. आदल्याच वर्षीच्या कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्समध्ये हेच होतं. कॉरिडॉरमधून धावा, सांगतील तिथे बटण दाबा. तिथे ईए कॉल ऑफ ड्यूटीच्या मागे धावत होती हे कोणीही सांगेल. म्हणजे कॉपी झाली, नाही असं नाही, पण ती नऊ वर्षांनी झाली आणि ज्या भागासाठी आपण हा गेम घेतच नाही त्या भागात झाली.

तिसरं, "फक्त मोठे मॅप". हे वाचून कळतं की माणूस कधी 1942 मधला वेक आयलंड हा मॅप खेळलेला नाही. आमच्या सायबर कॅफेत सगळे काउंटर स्ट्राइक 1.6 वाले, पण रविवारी सकाळी गर्दी नसायची तेव्हा आम्ही सहा जण लॅनवर 1942 लावायचो. घोड्याच्या नालेसारखं बेट, त्यावरचे झेंडे अमेरिकेकडे, आणि जपानी बाजू समुद्रात जहाजांवर. मी जपानी, विमानवाहू जहाजावरून झिरो हे जपानी लढाऊ विमान उडवलं आणि सरळ पाण्यात घातलं, पहिल्यांदा सगळ्यांचंच जातं. दुसऱ्या वेळेला मित्र पंखावर आडवा पडला, खरंच पडता यायचं, आणि मी त्याला त्या पंखावरून धावपट्टीपर्यंत नेला, तो उडी मारून पॅराशूटने उतरला आणि झेंड्याखाली जाऊन बसला. मी दोन मिनिटांत मेलो. पण झेंडा आमचा.

मुद्दा हा की तिथे माणसं मारून जिंकत नाही. दोन्ही बाजूंना तिकिटं असतात, मेलेला परत आला की एक तिकीट कमी, आणि समोरच्याकडे बहुतेक झेंडे गेले की आपली तिकिटं बसल्याजागी गळायला लागतात. म्हणून नेम न लागणारा माझ्यासारखा माणूसही जीप चालवून, झेंडा धरून, टँक दुरुस्त करून उपयोगी पडतो.

नुसत्या आकाराने काम झालं असतं तर 2010 चा प्लेस्टेशन 3 वरचा मॅग राज्य करत असता, 256 जण एका लढाईत! 2014 च्या जानेवारीत त्याचे सर्व्हर बंद झाले. आणि 2042 मध्ये डाइसने स्वतःच हा प्रयोग केला, 128 जण, अवाढव्य मॅप, निम्मा वेळ वाळवंटात पायपीट. 2025 च्या बॅटलफिल्ड 6 मध्ये मुकाट 64 वर आले आणि चार क्लासही परत आणले.

राहिला मक्खनचा मुद्दा. याला हसूच येतं. बॅटलफिल्ड 2 मध्ये मॅप पहिल्यांदा उघडताना शेडर (ग्राफिक्सचा भाग) ऑप्टिमाइझ होत बसायचे, तोवर चहा होऊन जायचा, आणि मग आपल्याच माणसाचं नाव लाल दिसायचं की आपण त्याला गोळी घालायची. आणि ज्याला आता सगळे सोनं म्हणतात तो बॅटलफिल्ड 4, 2013 मध्ये आला तेव्हा इतका क्रॅश व्हायचा की त्या डिसेंबरात ईएला जाहीर करावं लागलं की हा दुरुस्त होईपर्यंत डाइस पुढची कामं बाजूला ठेवणार. पुढे 2014 मध्ये डाइसच्या लॉस एंजेलिसच्या टीमने खेळाडूंनाच टेस्ट सर्व्हरवर घेऊन महिनोन् महिने डागडुजी केली तेव्हा कुठे तो आजचा बॅटलफिल्ड 4 झाला. मी तो 2015 मध्ये सेलमध्ये घेतला, म्हणून मलाही मक्खनच आठवतो. पोस्टवाल्याने पण तेव्हाच घेतला असणार.