आवाज जमिनीत जाऊन राह्यला

परवाच्या ऑनलाइन बैठकीत मी चार वेळा ‘हो सर’ म्हणालो. कशाकशाला म्हणालो ते काल लेखी कळलं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, क्रीडा स्पर्धा आमच्या शाळेत, जेवणासकट. आमचं मैदान म्हणजे शाळेसमोरचं खळं आणि त्यात सध्या लोकांचं सोयाबीन पडलेलं. मी बहिरा नाही हो. कॉम्प्युटर मुका होता.

सुरू होताना अडकतो म्हणून तो तालुक्याला नेला. दुकानातल्या पोरानं विंडोज नव्यानं टाकली, ६०० रुपये घेतले. घरी आणून लावला तर चित्र लख्ख, आवाज गायब. फोन केला तर पोरगं म्हणतं, ‘‘सर, विंडोज टाकायचं ठरलं होतं. आवाजाचं बोलणं नव्हतं झालं.’’ उद्या न्हावी म्हणेल, डाव्या बाजूचे कापले, उजव्याचं बोलणं नव्हतं!

स्पीकरची पिन हिरव्या भोकातच होती. गुलाबी माईकचं, एवढं मलाही कळतं. मग मोबाइल रेंजसाठी खिडकीच्या गजाला बांधला आणि आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, उतरवून घेतला. तो रिअलटेक नावाच्या तैवानच्या कंपनीचा, तिची खूण खेकडा. टाकला तो. आवाज नाहीच. नाल्यातला खेकडा तरी कुठं बोलतो म्हणा. आणि चीड येण्यासारखी गोष्ट अशी की कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुलीसुद्धा नव्हती. भजन लावलं की सेटिंगमधली पट्टी खालीवर नाचायची. म्हणजे आवाज निघत होता, फक्त आमच्याकडे येत नव्हता.

तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. बोलावलं कोणीच नव्हतं. आयुष्यभर लाइनमन होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण टेस्टर अजून बंडीच्या खिशात असतो.

‘‘काऊन गुरुजी, का होऊन राह्यलं?’’

‘‘आवाज गेला, काकाजी.’’

‘‘कोनाचा?’’

‘‘कॉम्प्युटरचा.’’

काकाजींनी प्लगात टेस्टर घातला. लाल दिवा पेटला. फार समाधान झालं त्यांना. ‘‘करंट हाये.’’

‘‘करंट आहेच काकाजी. चित्र दिसतंय ना!’’

‘‘चित्र हलकं असते गुरुजी, थे वरतून येते. आवाज जड. थो खाली बसते.’’ मग अंगणात जाऊन भिंतीजवळचा अर्थिंगचा खड्डा पायानं चाचपला आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगावं तसं हळूच म्हणाले, ‘‘अर्थिंग वाळली. सारा आवाज जमिनीत जाऊन राह्यला.’’

मी सातवीला विज्ञान शिकवतो. पण ध्वनी हवेपेक्षा घन पदार्थातून जलद जातो, हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहितो. त्यामुळे जमिनीत जाण्याच्या मुद्द्यावर मला एकदम ‘नाही’ म्हणता येईना. त्यात काकाजींनी साक्षीला शकुंतला काढली. ‘‘रुळाले कान लावून गाडी आयकत होतो का नाई आपन?’’ ऐकत होतो. यवतमाळ–मूर्तिजापूरची ती नॅरोगेज दिसायच्या आधी रुळातून कळायची. आता गाडी बंद, रूळ गवतात. तो आवाज गेला तेव्हा मात्र कोणी टेस्टर घेऊन धावत आलं नाही. नुसती निवेदनं दिली. एकावर माझीही सही आहे.

असो. काकाजींनी मीठ मागितलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, ते खरंच आहे. पण महिन्याचं सगळं मीठ घालतात का? बायकोनं, मला भाजीत कधी एवढ्या उदारपणे दिलं नसेल, तेवढं काढून दिलं. वर दोन बादल्या पाणी. आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो, हे इथं नोंदवून ठेवतो.

बाहेर मिठाचा विधी चालला होता आणि मी रागारागानं स्पीकरच्या चित्राशेजारचा बाण दाबला. दोन नावं उघडली. खूण वरच्या नावापुढे होती, आणि ते नाव आमच्या मॉनिटरचं. मॉनिटरला जाणारी एचडीएमआयची केबल चित्राबरोबर आवाजही नेते. नव्या विंडोजनं आवाज खुशाल तिकडे धाडला होता, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. पहिल्या विंडोजमध्ये कोणीतरी ते बदलून ठेवलेलं असणार, ते पुसलं गेलं. मी खालचं नाव दाबलं. नेमकी त्याच क्षणी काकाजींनी दुसरी बादली ओतली.

टाळ-मृदंग असे कडाडले की खिडकीतली मांजर पळाली.

‘‘निंघाला!’’ काकाजी बाहेरून ओरडले. ‘‘निंघाला वर!’’

मी केबल दाखवली, यादी दाखवली, पुन्हा बंद करून सुरू करून दाखवलं. काकाजींनी मान डोलावली, पण ती कशी? मधल्या सुट्टीच्या आधी पोरं डोलावतात तशी. संध्याकाळी पानठेल्यावर बातमी होती, ‘‘गुरुजीचा आवाज म्या काढला.’’ सकाळी एक जण टीव्हीसाठी त्यांना विचारायला आला, माझ्याच दारावरून. आज बैठकीच्या आधी बायकोनं खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं. मी बघत राहिलो तर म्हणाली, ‘‘असू द्या नं, तुमचं का जाते?’’

बैठक सुरू झाली. आवाज खणखणीत.

‘‘गुरुजी,’’ साहेब म्हणाले, ‘‘जेवणात गोड काय ठेवताय?’’