फ्लॉरेन्स पायी पाहावे, नागपूर गाडीतून

फ्लॉरेन्सचं बुकिंग झालं म्हणे तुमचं. उत्तम केलंत. पंधरा दिवसांच्या युरोप सहलीत या गावाच्या वाट्याला जेमतेम एक सकाळ येते, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही घरचे सात जण तिथली ‘छोट्या गटाची पायी सहल’ करून आलो. तेव्हापासून आमच्या गल्लीत इटलीवर आमच्याइतक्या अधिकाराने कोणी बोलत नाही.

‘छोटा गट’ या शब्दाला बिचकू नका. आपल्याकडे छोटा गट म्हणजे एका गाडीत मावतील तेवढे, आणि मांडीवरची पोरं मोजायची नसतात. तिथे तो पंधराचा होता. म्हणजे निम्मा आमचाच. उरलेल्यांत एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, त्यांना वहिनींनी पहिल्या दहा मिनिटांत संत्रा बर्फी खिलवली आणि ‘नागपूरला या’ असं आमंत्रणही देऊन टाकलं. ही दुसरी चूक तुम्ही करू नका. का, ते पुढे येईलच.

साडेआठला चौकात जमायचं असतं. साडेआठ म्हणजे साडेआठ, हे तिथल्या लोकांचं अज्ञान आहे. आम्ही आठ-पन्नासला पोचलो, आणि गाइड मुलगी हातात पिवळी छत्री धरून आमच्याकडे पाहत असं काही हसली की मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. पायात नागपुरात बर्डीच्या बाजारातून घेतलेले कोरे पांढरे बूट हवेतच. जुन्या सवयीच्या चपला घालून गेलात तर पाय दुखत नाहीत, आणि पाय दुखले नाहीत तर तीन तास चाललो हे परत आल्यावर सांगणार कशाच्या जोरावर? ऊन म्हणाल तर जुलैत तिथे पारा पस्तीसच्या वर जातो, गोरी माणसं भिंतीच्या सावलीला चिकटून चालतात. पंचेचाळीस पाहिलेल्या माणसानं अशा वेळी मधोमध चालायचं आणि ‘हे काय ऊन आहे?’ असं दर चौकात म्हणायचं. खिशातला कांदा मात्र काढू नका. चर्चमध्ये बायकांना खांदे झाकावे लागतात, तिथे आपल्या पोरींचा स्कूटीवर तोंडाला बांधायचा दुपट्टा कामी येतो. बाकीच्या बायका दारातल्या फेरीवाल्याकडून ओढण्या विकत घेत होत्या.

कानात घालायला एक यंत्र देतात. गाइड पन्नास पावलं पुढे गेली तरी तिचा आवाज तुमच्या कानात. हे यंत्र कोणी काढलं त्याचं भलं होवो, कारण यामुळे इतिहास ऐकण्यासाठी इतिहासापाशी उभं राहावं लागत नाही. वहिनींनी सान लोरेन्झोच्या बाजारात चामड्याच्या पर्सचा भाव करत करत अख्खी पंधरावी शताब्दी ऐकली. आवाजात खरखर सुरू झाली की समजायचं, गट फार पुढे गेला.

आता मुख्य चर्च. बाहेरून हिरवा-पांढरा-गुलाबी संगमरवर, वर तो विटांचा लाल घुमट. इथे आमच्या मोठ्या भाऊजींना पुढे करा, म्हणजे तुमच्या घरी असतील त्या भाऊजींना. आमचे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. गाइड सांगत होती की चर्चचं काम १२९६ साली सुरू झालं, भिंती चढल्या, पण मधला भाग इतका रुंद, पंचेचाळीस मीटरच्या आसपास, की त्यावर घुमट कसा चढवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अनेक वर्षं तो भाग उघडाच. भाऊजींचा चेहरा खुलला. एवढ्या लांब येऊन त्यांना पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. मग म्हणे १४२० साली ब्रुनेलेस्कीनं काम हाती घेतलं आणि १४३६पर्यंत घुमट बंद केला, तोही खालून लाकडी सेंटरिंग, म्हणजे माल वाळेपर्यंतचा आधार, न लावता.

“सेंटरिंग नाही लावलं म्हन्ते?” भाऊजी यंत्र कानातून काढून माझ्याकडे वळले. “मंग माल कशावर टाकला? विचार तिले.”

विचारलं. ती बिचारी मनापासून सांगू लागली. एकात एक असे दोन घुमट आहेत, मध्ये वर जायचा जिना. विटा नुसत्या आडव्या रचल्या नाहीत, अधेमधे उभ्या विटांच्या तिरप्या ओळी अशा गुंफल्या की प्रत्येक थर वाळेपर्यंत विटा घसरू नयेत, आणि प्रत्येक पूर्ण झालेलं वेटोळं स्वतःच स्वतःला तोलून धरतं. भाऊजी बराच वेळ वर बघत राहिले. मान इतकी मागे गेली की टोपी पडली, तीही उचलली नाही. सहलीतला तेवढाच एक क्षण मी त्यांना गप्प पाहिलं. मग म्हणाले, “इंजिनिअर कुठला होता?” इंजिनिअर नव्हता, सोनारकाम शिकलेला होता, असं कळल्यावर त्यांना जो धक्का बसला तो पुढच्या दोन चौकांपर्यंत टिकला. सोनाराला टेंडर! आणि १४०१ साली शेजारच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या दारांचं काम याच्या हातून गेलं होतं, गिबेर्ती नावाच्या दुसऱ्या कारागिराला मिळालं होतं, आणि घुमटावर तोच गिबेर्ती याच्या जोडीला नेमला गेला, हे ऐकल्यावर तर भाऊजी म्हणाले, “बस, आता समजलं. सगळीकडे सेमच आहे.” ब्रुनेलेस्की मग आजाराचं सोंग घेऊन घरी झोपला आणि गिबेर्तीला काही जमत नाही हे सगळ्यांना दाखवून दिलं, असं सांगतात. आमच्या भाऊजींनी अशा रजा पुष्कळ घेतल्या, पण त्यांच्या गैरहजेरीत काम थांबल्याचं ऐकिवात नाही.

त्या चर्चचा दर्शनी भाग पुरा झाला १८८७ साली. १२९६ ते १८८७, हिशोब तुम्हीच करा. आपल्या रिंग रोडला उगीच नावं ठेवू नका. घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तिकीट आधी काढावं लागतं. ते काढलेलं नसणं ही आपल्या गुडघ्यांवरची देवाची कृपा समजा.

इथून पुढे एक गोष्ट ध्यानात ठेवा: रस्त्यावर दिसतं ते बहुतेक नकली असतं. गिबेर्तीची ती सोनेरी दारं, ज्यांच्यासमोर लोक दहा-दहा रांगांत उभे राहून फोटो काढतात, ती प्रत आहे. अस्सल दारं शेजारच्या संग्रहालयात. सिन्योरिया चौकातला मायकेल अँजेलोचा डेव्हिड, तोही प्रतच. अस्सल पुतळा १८७३ साली आत हलवला, बाहेर १९१०पासून नक्कल उभी आहे. आम्ही नकलेचे चाळीस फोटो काढले. अस्सल पाहायला वेगळं तिकीट आणि वेगळी रांग, आणि इकडे जेवणाची वेळ होत होती. शिवाय घरच्यांसोबत सव्वापाच मीटरचा नागडा माणूस एकदा पाहणं पुरे असतं. मामाजी तेवढा वेळ कबुतरं बघत होते.

पण गाइडनं सांगितलेली एक कथा मात्र नागपूरकराच्या काळजाला भिडावी अशी आहे. संगमरवराचा तो धोंडा आधीच्या कारागिरांनी अर्धवट खोदून टाकून दिलेला, कित्येक वर्षं चर्चच्या आवारात पडून होता. मायकेल अँजेलोनं सव्वीसाव्या वर्षी तो घेतला आणि १५०४पर्यंत पुतळा केला. आता पुतळा बसवायचा कुठे? कमिटी नेमली! कमिटीत लिओनार्दो दा विंची, बोत्तिचेल्ली. प्रत्येकाचं मत वेगळं. शेवटी जागा ठरली आणि किलोमीटरभरही नसलेलं अंतर कापायला पुतळ्याला चार दिवस लागले; रात्री कोणी त्याच्यावर दगडही मारले. पुतळ्याची जागा, कमिटी, मिरवणूक, दगड. आम्ही सातही जण एकसाथ मान हलवत होतो. ऑस्ट्रेलियन जोडप्याला यात काय ओळखीचं वाटावं, ते दोघं नुसते लिहून घेत होते.

पोन्ते वेक्किओ म्हणजे जुना पूल, १३४५चा, दोन्ही बाजूंनी दुकानं. आधी तिथे खाटीक होते, वाया गेलेलं सगळं खाली अर्नो नदीत. १५९३ साली तिथल्या सत्ताधीशानं वासाला कंटाळून त्यांना हटवलं आणि सोनार बसवले. इतवारीत सराफा ओळीत लहानाची मोठी झालेली आमची सौभाग्यवती या माहितीने आतून हलली. तिनं एका दुकानात जाऊन कानातले हातात घेतले, वजन जोखलं, आणि मला म्हणाली, “विचारा, मजुरी किती लावते?” मजुरीसाठी इटालियनमध्ये शब्द असेल, माझ्याकडे नव्हता. मी बोटांनी हातोडी मारून दाखवली. दुकानदारानं चष्मा काढून पुसला.

पुढे बाजाराच्या मंडपात ब्राँझचं रानडुक्कर आहे. त्याच्या नाकावर हात फिरवला की तुम्ही पुन्हा फ्लॉरेन्सला येता म्हणे, आणि तोंडात ठेवलेलं नाणं खालच्या जाळीतून पडलं की नशीब उघडतं. डुक्कर नकली, नाणं अस्सल. आम्ही सातही जणांनी टाकलं.

कॉफीचं सांगून ठेवतो. तिथे काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, खुर्चीवर बसलात की भाव बदलतो. जन्मभर टपरीवर उभ्याने चहा प्यायलेलो आपण. पण परदेशात गेल्यावर नेमकं बसावंसं वाटतं. बसा. बिल आलं की घरचा प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो, त्यातून नात्यांची खोली कळते. तिथल्या पावाला मीठ नसतं, ती चूक नाही, रीत आहे. ठेच्याची बरणी पिशवीत वरच ठेवा.

सहल संपताना गाइड विचारते, काही प्रश्न? आमच्यातल्या पुतण्यानं मोबाइलमध्ये काहीतरी वाचलं होतं, त्यानं विचारलं, इथे आमच्या राजाची छत्री आहे ना? ती मुलगी खूश झाली. म्हणाली, आहे, पण आमच्या सहलीत येत नाही, लांब आहे. खरंच आहे. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम, विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७०ला याच गावात वारले. वय वीस. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. नदीकाठी चिता पेटलेली त्या गावानं तोवर कधी पाहिली असेल? १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली, आत फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा. जवळच्या पुलाचं नावच ‘इंडियनचा पूल’. कास्चिने बागेच्या पार टोकाला. एका मराठी पोराची ती छत्री, तीही अस्सल, तिकीट नाही, रांग नाही.

जावं की नाही यावर तिथेच भर चौकात बैठक झाली. मामाजींनी निकाल दिला: “कोल्हापूरचे ना? मंग कोल्हापूरवाले पाहतील. इथंबी त्यांचीच छत्री. विदर्भाचा अनुशेष इथंबी आहेच.” टाळ्या पडल्या. आम्ही आइस्क्रीम खायला गेलो.

तर अशी सहल. परत आल्यावर जानेवारीत, ताडोबाला जाता जाता, ते ऑस्ट्रेलियन जोडपं खरोखरच नागपूरला आलं. एक दिवस हातात. म्हणे, तुमच्या जुन्या गावात पायी फिरवा. महालात, म्हणजे आमच्या जुन्या वस्तीत, असं पाहण्यासारखं काय, असा प्रश्न मला घरातल्या सहा जणांनी वेगवेगळ्या वेळी विचारला. अशा वेळी काय करायचं ते नीट ऐका. पाहुण्यांना गाडीत बसवा, एसी लावा. जानेवारी असला तरी लावा. झिरो माइलचे चार घोडे काचेतून दाखवा, गाडी थांबवू नका. सीताबर्डीचा किल्ला उड्डाणपुलावरून दिसतो तेवढा दाखवा. १८१७ची लढाई सांगायची असेल तर पूल संपायच्या आत सांगा. दीक्षाभूमी, फुटाळा, तर्री पोहे, आणि उरलेला वेळ मॉल.

ते ऐकेनात. पुस्तकात वाचून आले होते. बख्त बुलंद शहानं १७०२ साली गाव वसवलं, मग भोसले, वाड्यांचे कोरीव लाकडी खांब, मिरवणुकीतल्या मोठ्या बाहुल्या, म्हणजे १८८१पासूनची काळी मारबत आणि १८८५पासूनची पिवळी, सगळं वहीत उतरवलेलं. नाइलाजानं महालात गाडी घातली. एका जुन्या दगडी वेशीपाशी त्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्यानं काच खाली केली. “हा दरवाजा कोणता?”

माझ्या मागे साठ वर्षांचं नागपूर होतं. मी भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी मामाजींकडे.

“गेट आहे,” मामाजी म्हणाले. “त्याच्या उजवीकडून घेतली की पार्किंग भेटते.”

म्हाताऱ्यानं वही उघडली आणि लिहून घेतलं.